छर्रा

हाताला अजून नव्वद नंबरच्या ऑइलचा वास आहे आणि गुडघा सुजलाय.

वडिलांची 1978 सालची पद्मिनी. दुसरा गिअर टाकला की अडकित्त्यात सुपारी धरल्यासारखा आवाज. म्हणजे सिंक्रो रिंग, गिअरचे दाते बसण्याआधी त्यांचा वेग जुळवणारी कडी, झिजलेली. पहिल्याला तर कंपनीनं सिंक्रो दिलाच नव्हता, त्यामुळे त्याची तक्रार कुणाकडे करणार! मेस्त्री शोधले. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी 2023 मध्ये बंद झाल्या, तसे हा गिअरबॉक्स डोळे मिटून खोलणारे हातही पांगले. उरलेले म्हणतात, "साहेब, नवीन घ्या की." मग नाना पेठेतून 'ओरिजिनल' रिंग आणली (खोका जुनाट, छपाई कालची) आणि पार्किंगमध्ये स्वतःच बसलो.

गिअर बदलणाऱ्या सिलेक्टरच्या दांड्याला जागेवर धरायला एक छर्रा असतो, मागे स्प्रिंग. तो नसला तर चालत्या गाडीत गिअर सुटतो. हे ठाऊक असूनही झाकण उघडताना बोट ठेवायला विसरलो. टण्ण! गेला.

तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरचे काका आले. खुर्ची घेऊन.

"क्लच प्लेट गेली असणार."

"नाही काका, गिअरबॉक्स."

"तेच ते. आमच्या मेहुण्यांची फियाट खंडाळ्याचा घाट चढून गेली. तिसऱ्यात!"

ती गाडी तिसऱ्यात घाट चढणं शक्य नाही, पण मी तेव्हा पालथा पडून गटाराच्या जाळीत हात घातला होता. हाताला एक केसांची पिन आणि दोन रुपयांचं नाणं लागलं.

"नाणं कुणाचं हो?" काका.

मेहुण्यांची बदली, मेहुण्यांचं पित्ताशय, सोसायटीच्या सेक्रेटरीचा उद्धटपणा, सगळं झालं. तास गेला. मी कुंड्या हलवल्या, झाडू मारला. शेवटी काकांनी सुपारी काढायला खिशातून डबी काढली, आणि सुपारीच्या खांडांमध्ये माझा छर्रा चमकला.

"हा होय? नातवाच्या सायकलचा वाटला. पोराटोरांच्या पायाखाली येईल म्हणून उचलला."

"अहो, तासभर मी शोधतोय!"

"शोधताय ते दिसत होतं. काय शोधताय ते कुठे सांगितलंत?"

वर म्हणाले, रविवारपर्यंत होईल ना, चिंचवडला केळवण आहे, रिक्षावाले फार मागतात.

मी छर्रा डिझेलमध्ये दोनदा धुतला. सुपारीचा भुगा चिकटला होता.