पंच्याहत्तर किलोचा ड्रायव्हर

परवा शनिवारी एका अनोळखी माणसाने भर यार्डात, माझी बायको, आई आणि मुलगी यांच्यासमोर, मला माझं वजन विचारलं, आणि मी सांगितलेला आकडा ऐकून तो नुसता "हं" म्हणाला. ते "हं" अजून डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहितोय.

झालं असं की आम्हाला सेकंडहँड कॅरव्हॅन घ्यायचा होता. इंग्लंडमध्ये राहून इतकी वर्षं झाली, शेजारीपाजारी सगळे उन्हाळ्यात ते पांढरं घर गाडीमागे लावून वेल्सला, डेव्हनला जातात, आई सहा महिन्यांसाठी साताऱ्याहून आलेली, म्हटलं या वर्षी आपणही जाऊ. मिल्टन कीन्सच्या बाहेर जुन्या कॅरव्हॅनचं एक यार्ड आहे, तिथे चार बर्थचा एक बरा दिसला. पडदे बघून बायको खूश, आई तर आत जाऊन गॅसच्या शेगडीसमोर उभी राहून "ओटा फार बुटका आहे" म्हणून मोकळी झाली, म्हणजे तिलाही आवडला होता. सेल्समन म्हणाला, तुमची गाडी कुठली? मी लांबून दाखवली. साधी पेट्रोल हॅचबॅक. तो म्हणाला, नो प्रॉब्लेम, टोबार, म्हणजे मागे ओढायचा दांडा, बसवून घ्या, झालं.

तेवढ्यात मागून आवाज आला, "कर्बवेट?"

वळून बघतो तर एक गोरे आजोबा. सत्तरी पार, कमरेला पट्टा, एका हातात चहाचा थर्मास, दुसऱ्या हातात गुंडाळलेली लांब छत्री. मला वाटलं यार्डाचे मालक असतील. नव्हते. तिथे नोकरीलाही नव्हते. ते नुसतेच तिथे होते. सेल्समनने त्यांच्याकडे असं बघितलं की लक्षात आलं, हे दर शनिवारी असतात.

कर्बवेट म्हणजे गाडीचं स्वतःचं वजन. मी म्हटलं, साडेबाराशे किलो. ब्रोशर पाठ होतं, त्यामुळे जरा ऐटीतच म्हटलं.

"ड्रायव्हर धरून की न धरता?"

आता हे मला काय माहीत. आजोबांनी थर्मास शेजारच्या कॅरव्हॅनच्या पायरीवर ठेवला, तेव्हाच मी तिथून निघायला हवं होतं पण आई त्या पायरीवर बसली होती. तर म्हणे, काही कंपन्या गाडीचं वजन रिकामी धरून देतात आणि काही ड्रायव्हरसकट, गाडीच्या रजिस्ट्रेशनच्या कागदावर, म्हणजे व्ही-फाइव्ह-सीवर, 'जी' अक्षरापुढे जो आकडा असतो त्यात ड्रायव्हर धरलेला असतो, आणि तो ड्रायव्हर पंच्याहत्तर किलोचा असतो. कायम पंच्याहत्तर. युरोपात कुणीतरी बसून ठरवलंय. एवढं बोलून आजोबांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, मधे जरा थांबले, आणि विचारलं, "तुम्ही किती?"

मी सांगितलं. आणि मग ते "हं".

त्यावर त्यांनी दिलासा दिला की काळजी करू नका, ओढणारी गाडी जितकी जड तितकी चांगली, तेव्हा तुमचं वजन एका बाजूने फायद्याचंच आहे. फक्त गाडी, माणसं, सामान आणि कॅरव्हॅन मिळून जी एकूण मर्यादा असते, ग्रॉस ट्रेन वेट, त्यात मात्र ते तोट्याचं आहे. म्हणजे मी एकाच वेळी फायद्याचा आणि तोट्याचा. बायकोने मान हलवली. तिने इतक्या पटकन मान हलवायची गरज नव्हती.

मग आजोबांनी माझ्या गाडीचं दार उघडायला लावलं. दाराच्या खांबावर एक छोटी पाटी असते, तिच्यावर चार आकडे असतात, मी ती गाडी इतकी वर्षं चालवतोय, कधी वाचली नव्हती, कोण वाचतं? पहिला आकडा भरलेल्या गाडीचा, १७५०. दुसरा गाडी आणि मागचं ओझं मिळून, २९५०. खालचे दोन पुढच्या-मागच्या आसांचे. वजाबाकी आजोबांनी मोठ्याने केली. "बाराशे. आणि हा?" कॅरव्हॅनच्या दाराजवळच्या स्टिकरवर भरल्यावरचं जास्तीत जास्त वजन होतं १३००.

सेल्समन म्हणाला, पण रिकामा साडेअकराशेच आहे.

"मग हे लोक रिकामाच ओढणार का?" आजोबा त्याला म्हणाले आणि बायकोकडे वळले. "मॅडम, काय काय नेणार?"

माझ्या बायकोला हा प्रश्न विचारायचा नसतो. तिने आनंदाने यादी सुरू केली. कुकर मोठा आणि लहान, मिक्सर, इडलीपात्र, दहा किलोचा तांदूळ, आट्याची पिशवी, सासूबाईंची खुर्ची, गाद्या तिथल्या चालणार नाहीत म्हणून आपल्या, भाजणी, पापड, मुलीची सायकल. आजोबा एका जुन्या पावतीच्या पाठीमागे लिहीत होते. त्यात त्यांनी स्वतःहून बाहेरचा तंबू, म्हणजे ऑनिंग, पंचवीस किलो घातला, बॅटरी वीस, भरलेला गॅस सिलिंडर पंधरा, आणि कॅरव्हॅन हाताने ढकलावा लागू नये म्हणून चाकांना मोटर असते ती तीस-पस्तीस. रिकाम्या वजनावर सामान बसणार होतं दीडशे किलो. आमचं स्वयंपाकघर यायच्या आधीच त्यातले शंभर संपायला आले होते. इडलीपात्राचं वजन त्यांनी दोनदा विचारलं. त्यांना ते नीट कळलं नसावं, त्यांनी पुढे दहा लिहिलं.

आता तो पंच्याऐंशी टक्क्यांचा नियम. नियम म्हणजे नियम नाही, हीच तर गंमत आहे. नवशिक्याने गाडीच्या कर्बवेटच्या पंच्याऐंशी टक्क्यांपेक्षा जड कॅरव्हॅन ओढू नये असा सल्ला आहे, इथले कॅरव्हॅनवाले क्लब देतात, कायदा नाही. अनुभवी माणसाने शंभर टक्क्यांपर्यंत जावं. आम्ही होतो एकशे चार टक्क्यांवर. "पण मला लायसन्स आहे," मी म्हटलं, कारण त्या क्षणी माझ्याकडे दुसरं काहीच उरलं नव्हतं. १९९७ नंतर लायसन्स काढलेल्यांना पूर्वी जड ट्रेलरसाठी वेगळी परीक्षा द्यावी लागायची, १६ डिसेंबर २०२१ पासून ती काढून टाकली, आता साधं लायसन्सवाला साडेतीन टनांपर्यंत ओढू शकतो. आजोबा म्हणाले, "हो, सरकारने तुमच्यासारख्यांना परवानगी दिली खरी." तुमच्यासारख्यांना म्हणजे नवशिक्यांना की अजून कुणाला, हे मी विचारलं नाही. कारमध्ये बसल्यावर आठवलं की विचारायला हवं होतं.

आणि मग आली ती छत्री.

कॅरव्हॅन गाडीपेक्षा जड असला की काय होतं हे तुम्हाला आकड्यांत नाही कळणार, म्हणाले, आणि छत्रीची वाकडी मूठ त्यांनी माझ्या पट्ट्यात पुढून अडकवली. मी विचार करायच्या आत. दुसरं टोक पाठीमागे हात नेऊन स्वतः धरलं. "मी गाडी. मी अडुसष्ट किलो. तुम्ही जड, तुम्ही कॅरव्हॅन. चला." आणि आम्ही दोघं यार्डातून चालू लागलो. "आता डुला." मी डुललो नाही. "डुला, वारा आलाय, बाजूने मोठी लॉरी गेलीय, डुला." मुलगी मोबाइल काढून व्हिडिओ घेत होती. मी डुललो. आजोबा डावीकडे गेले, मी उजवीकडे, परत मी डावीकडे आलो तर आजोबा एका कॅरव्हॅनच्या भिंतीवर जाऊन धडकले आणि तिथूनच विजयी आवाजात ओरडले, "बघितलंत? एम-वन हायवेवर साठ मैलांच्या स्पीडला हेच होतं! मागचा पुढच्याला घेऊन जातो!" आजूबाजूला चार-पाच कुटुंबं उभी होती. इंग्रज माणूस असं काही दिसलं की नजर वळवतो, पण जात नाही, तिथेच उभा राहून ढगांकडे बघतो. सगळे ढगांकडे बघत होते.

अशा वेळी करायचं काय, तर ब्रेक दाबायचा नाही, स्पीड वाढवून सरळ करायला जायचं नाही, ॲक्सिलरेटर सोडायचा आणि स्टिअरिंग सरळ धरायचं. हे त्यांनी तीनदा म्हणून घेतलं. मी पट्ट्यात छत्री घेऊन म्हटलं. आईने मधेच विचारलं, "हे कोण रे? यांचं दुकान आहे का?"

जड सामान आसावर आणि खाली ठेवायचं, मागे कधीच नाही, आणि हिचवर, म्हणजे गाडीला जोडतात त्या टोकावर, दाब एकूण वजनाच्या पाच ते सात टक्के पडला पाहिजे, हे सांगायला लागले तेव्हा मात्र मला राहवलं नाही. हे मला माहीत होतं. आमचे आजोबा ऊस भरायचे बैलगाडीत, मागून भार जास्त झाला की गाडी उलाळ व्हायची, जू वर उचललं जायचं, आणि पुढे जास्त झाला की बैलाच्या मानेवर, मग एखादी मोळी मागे सरकवायची. हाताने जू दाबून बघायचे, झालं, वजनकाटा नाही न् काही नाही. मी हे फार रंगवून सांगितलं. यार्डातल्या आजोबांनी लक्षपूर्वक ऐकलं आणि विचारलं, "बैलाचं कर्बवेट किती?"

चेष्टा नव्हती. पेन उघडं होतं.

शेवटी त्यांनी ती पावती माझ्या हातात दिली. खाली अधोरेखित: १५३०. म्हणजे हा कॅरव्हॅन हवा असेल तर पंच्याऐंशी टक्क्यांच्या हिशोबाने किमान एवढ्या किलोची गाडी. आणि निघताना टोइंग मिररची, म्हणजे गाडीला लावायच्या जादा आरशांची, आठवण करून दिली, कॅरव्हॅन गाडीपेक्षा रुंद असून आरसे नसले तर हजार पाउंडांपर्यंत दंड आणि लायसन्सवर तीन पॉइंट. सेल्समन तोवर दुसऱ्या गिऱ्हाइकाला "नो प्रॉब्लेम" म्हणत होता. त्याचं मला जास्त वाईट वाटतं खरं तर. आजोबांनी कमरेची छत्री केली ती केली, पण ज्याला विकायचंय त्याने साधी दाराची पाटी बघू नये?

घरी येऊन कागद काढला. व्ही-फाइव्ह-सीवर 'जी'पुढे १३२५. ब्रोशरात १२५०. बरोब्बर पंच्याहत्तरचा फरक. मग पंच्याऐंशी टक्के कशाचे घ्यायचे? एकाचे १०६२, दुसऱ्याचे ११२६. चौसष्ट किलोंचा प्रश्न आहे, चौसष्ट किलोंत आमचं अख्खं फराळाचं सामान येतं. कंपनीच्या हेल्पलाइनला फोन केला तर बराच वेळ संगीत ऐकवून तिथली मुलगी म्हणाली, हँडबुक बघा. हँडबुकात लिहिलंय, डीलरला विचारा. लोकांच्या जिवाशी संबंधित आकडा आहे ना हा? मग एका जागी, एका पद्धतीने, मोठ्या अक्षरात का नाही छापत? गाडीत किती कप ठेवायची सोय आहे ते पहिल्या पानावर फोटोसकट असतं.

मुलगी म्हणाली, बाबा, इलेक्ट्रिक घेऊ, बॅटरीमुळे त्या जड असतात. खरंच असतात, दोन टनांच्या आसपास सुद्धा. शोधायला बसलो तर त्यातल्या कित्येकांना काहीही ओढायची परवानगीच नाही, काहींना आहे ती साडेसातशे किलोंची. आणि ज्यांना भरपूर आहे त्यांची किंमत बघून मी लॅपटॉप बंद केला. कॅरव्हॅन साडेपाच हजार पाउंडांचा, तो ओढायला गाडी वीस हजारांची.

बायकोने तोवर वेल्समधली एक कॉटेज बघून ठेवलीय, ओटा नीट उंचीचा आहे म्हणते. आईला मी पंच्याऐंशी टक्क्यांचं गणित समजावत होतो, तिने सगळं ऐकून घेतलं, मग म्हणाली, "ते राहू दे, त्या व्हिडिओत तू त्या माणसाला ढकलून का देतोयस? मावशी विचारत होती."