पोकोनोतील अपात्रता: चूक की लबाडी?

24 जुलै 2022 रोजी अमेरिकेतील पोकोनो येथे नॅसकार कप मालिकेतील मोटार शर्यत जिंकलेला डेनी हॅमलिन आणि दुसरा आलेला काइल बुश यांना केवळ स्टिकर चुकून जाड बसल्यामुळे अपात्र ठरवले, हा दावा दिशाभूल करणारा आहे. दोन्ही गाड्यांच्या पुढील भागाच्या खालच्या कोपऱ्यांवर, रंगीत आवरणाच्या आत, पारदर्शक व्हिनाइलचे (प्लास्टिकच्या चिकटपट्टीचे) 2 इंच रुंद व 5.5 इंच लांब तुकडे लावलेले होते. या दोघांच्या संघाने, जो गिब्ज रेसिंगने, ते स्वतः मान्य केले आणि अपीलही केले नाही. जाडी 0.012 इंच, म्हणजे नगण्य वाटावी अशी. परंतु या भागाचा आकार किंचित बदलला तरी हवेचा प्रवाह बदलू शकतो, म्हणूनच तिथे फेरफारास मनाई आहे. दोन गाड्यांच्या दोन्ही बाजूंना असे तुकडे आपोआप चिकटत नाहीत, तेव्हा ते जाणूनबुजून लावले गेले यात शंका नाही. मात्र बांधणीतील हा बदल संघात नीट तपासला गेला नव्हता, असे संघाचे म्हणणे आहे, आणि वरिष्ठांनी फसवणुकीचा कट रचला असे ठामपणे म्हणण्याइतका पुरावा समोर आलेला नाही. अपात्रतेसाठी हेतू सिद्ध करावाच लागत नाही; गाडी नियमात बसत नव्हती, त्यामुळे तिसऱ्या आलेल्या चेस एलियटला दिलेला विजय योग्यच होता.