बायपासवाल्याची गोळी आणि धडधाकट माणसाची गोळी

नमस्कार. प्रतिक्रिया तिखट आहे, पण तुम्ही लेख शेवटपर्यंत वाचलाय हे दिसतंय, म्हणून सविस्तर लिहितो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: 'साठी उलटलेल्या धडधाकट माणसाने मनानेच रोजची अ‍ॅस्पिरिन सुरू करू नये' हे माझं वाक्य लोकांना घाबरवतं. तुमचे वडील बायपासनंतर वर्षानुवर्षं 75 मिलिग्रॅमची गोळी घेऊन ठणठणीत आहेत, तिनेच त्यांचे ब्लॉकेज विरघळवले. आणि महागडी औषधं खपवायची म्हणून कंपन्यांनीच या स्वस्त गोळीला बदनाम केलं.

वडिलांना गोळी चालूच ठेवू द्या. त्यांच्यासारख्यांबद्दल माझं ते वाक्य नव्हतंच. पण गोळीने ब्लॉकेज विरघळले हे काही खरं नाही. धमनीच्या भिंतीत साचलेलं कोलेस्टेरॉल आणि कॅल्शियम काढून टाकणं हे तिचं कामच नव्हे. त्या थरावरचं आवरण कधीतरी फाटतं, तिथे प्लेटलेट्स, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या बारीक पेशी, गोळा होतात, गुठळी होते आणि वाट बंद पडते. बहुतेक हार्ट अटॅक असेच येतात. अ‍ॅस्पिरिन प्लेटलेटमधलं एक एन्झाइम कायमचं निकामी करते. प्लेटलेटला केंद्रकच नसतं, त्यामुळे नवीन एन्झाइम तयार करणं तिला जमत नाही. आठ-दहा दिवसांचं तिचं आयुष्य, ते तसंच जातं. म्हणून डोकेदुखीला जिथे तीनशे-सहाशे मिलिग्रॅम लागतात, तिथे या कामाला दिवसाला 75 पुरतात. हे कसं घडतं याचा धागा ब्रिटिश औषधशास्त्रज्ञ जॉन व्हेन यांना 1971 मध्ये सापडला, 1982 च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता.

आता अडचण अशी की जठरातल्या जखमेवर खपली धरायलाही हीच प्लेटलेट लागते. गोळीला धमनी कुठली आणि अल्सर कुठला हे कळत नाही. त्यामुळे प्रश्न उरतो तो फक्त हिशेबाचा. 2009 साली अनेक चाचण्यांची आकडेवारी एकत्र करून पाहिली गेली. आधी अटॅक किंवा स्ट्रोक येऊन गेलेल्यांत वर्षाला हजारी 82 जणांना पुन्हा गंभीर झटका येत होता, अ‍ॅस्पिरिनवर तो आकडा 67 झाला. म्हणजे पंधरा जण वाचले, आणि हा फायदा रक्तस्रावाच्या धोक्यापेक्षा कितीतरी मोठा. ज्यांना आधी काहीच झालं नव्हतं त्यांच्यात 5.7 वरून 5.1. हजारात एकसुद्धा नाही! तुमचे वडील पहिल्या गटात, माझं वाक्य दुसऱ्या गटासाठी.

'आमच्या घरात अनुभव आहे' या मुद्द्यावर जरा थांबतो, कारण या विषयाची सुरुवातच एका डॉक्टरच्या अनुभवातून झाली. कॅलिफोर्नियातल्या ग्लेनडेलचे लॉरेन्स क्रेव्हन टॉन्सिल काढल्यावर पेशंटला दुखण्यासाठी अ‍ॅस्पिरिनचं च्युइंगगम देत. ज्यांनी ते भरपूर चघळलं त्यांचा घसा जास्त वाहू लागला. रक्त गोठू देत नाही म्हणजे हृदयातली गुठळीही टाळेल, असा त्यांनी तर्क केला (काय नजर असेल बघा). 1956 मध्ये त्यांनी लिहिलं की सुमारे 8,000 जणांना अ‍ॅस्पिरिन दिली, एकालाही हृदयात गुठळी झाल्याचं आढळलं नाही. पण न घेणाऱ्यांचा गट कुठे होता? नव्हताच. पुढच्याच वर्षी क्रेव्हन स्वतः हार्ट अटॅकने गेले. तर्क बरोबर होता, पण तो पक्का सिद्ध व्हायला 1988 उजाडलं. आयसिस-2 या चाचणीत अटॅक आलेल्या 17,187 जणांपैकी निम्म्यांना महिनाभर रोज 160 मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन दिली, आणि पाच आठवड्यांतले हृदय-रक्तवाहिन्यांच्या आजारांचे मृत्यू 23 टक्क्यांनी घटले. ही चाचणी छापणाऱ्या नियतकालिकाच्या संपादकांनी छोट्या-छोट्या गटांचेही निकाल मागितले, तेव्हा संशोधकांनी खट्याळपणे राशीनुसार फोड करून दिली. मिथुन आणि तूळ राशीवाल्यांना अ‍ॅस्पिरिन बाधते असं निघालं! अर्थात पाश्चात्त्य पंचांगानुसार. लहान गटात असलं काहीही दिसू शकतं, मग एका घराचं काय घेऊन बसलात?

कंपन्यांच्या कटाबद्दल एवढंच: 2018 मध्ये अराइव्ह नावाची चाचणी प्रसिद्ध झाली, 12,546 लोकांवरची. अटॅक-स्ट्रोक वगैरे औषध नसलेल्या दिखाऊ गोळीवर 4.48 टक्के, अ‍ॅस्पिरिनवर 4.29, म्हणजे फरक नगण्य. पोट-आतड्यातला रक्तस्राव मात्र दुप्पट. पैसा कोणाचा? बायरचा, अ‍ॅस्पिरिन बाजारात आणणाऱ्या कंपनीचाच. स्वतःच्या खर्चाने स्वतःच्याच गोळीची बदनामी करणारी कंपनी मला तरी ठाऊक नाही. त्याच वर्षी सत्तरीच्या आसपासच्या आणि पुढच्या 19,114 लोकांवरची अ‍ॅस्प्री ही चाचणी आली, तिथेही तेच: हृदयाला ठळक फायदा नाही, मोठा रक्तस्राव 2.8 ऐवजी 3.8 टक्के.

शेवटच्या ओळीत तुम्ही लिहिलंय की माझा लेख वाचून तुमच्या सोसायटीतल्या एका काकांनी स्टेंट (धमनी उघडी ठेवणारी जाळी) असूनही गोळी सोडली. हे मात्र गंभीर आहे. 'स्टेंट किंवा बायपास झालेल्यांना हे लागू नाही' ही ओळ लेखात पहिल्याच परिच्छेदात आहे, ती त्यांना दाखवा आणि आजच त्यांच्या कार्डिऑलॉजिस्टना फोन करायला लावा. स्टेंट नवा असेल तर त्यातच गुठळी होण्याचा धोका असतो, म्हणून पुढच्या अपॉइंटमेंटपर्यंत थांबू नका. जोडीला क्लोपिडोग्रेल ही गुठळी टाळणारी दुसरी गोळी चालू असेल तर तीही सोडली आहे का, तेही विचारा.