चौदा दिवसांच्या गोळ्या कुणाचा धंदा?

पोळा झाला की चोपड्यापासून शहाद्यापर्यंत प्रत्येक ग्रुपवर एक मेसेज फिरतो, ‘मलेरियाचं सत्य’. त्याचं म्हणणं असं: हिवताप गटारीच्या घाण पाण्याने होतो, ताप एक दिवसाआड आला तरच तो मलेरिया, ताप उतरला की गोळ्या बंद करा, चौदा दिवसांचा कोर्स हा कंपन्यांचा धंदा आहे, त्यापेक्षा पपईच्या पानांचा रस प्या, आणि सातपुड्यातल्या सिकलसेलवाल्यांना मलेरिया होतच नाही. मी बावीस वर्षं तालुक्याच्या गावी रक्ताच्या स्लाइड तपासतोय. यातलं एक अर्धं खरं आहे, ते शेवटी घेतो.

गटारीत वाढतो तो बहुतेक क्युलेक्स, हत्तीरोग पसरवणारा. हिवतापाच्या अ‍ॅनॉफिलिसला लागतं साचलेलं पण बऱ्यापैकी स्वच्छ पाणी: पाटाच्या कडेची डबकी, गच्चीवरची उघडी टाकी, नळाला रोज पाणी येत नाही म्हणून भरून ठेवलेला हौद. आणि मे महिन्यात लावलेला, ऑगस्टमध्येही खिडकीतच असलेला कूलर! आमच्याच कूलरमध्ये गेल्या वर्षी अळ्या सापडल्या. क्युलेक्सची अळी डोकं खाली करून लटकते, या मात्र पाण्याला समांतर आडव्या तरंगत होत्या. कौतुकाने बायकोला दाखवायला गेलो तर म्हणाली, “आधी ओता ते, मग शिकवा.”

एक दिवसाआडचं गणित पुस्तकात ठीक आहे. परजीवी तांबड्या पेशीत वाढतो, साधारण ४८ तासांनी पेशी फुटतात आणि हुडहुडी भरते. पण सुरुवातीला सगळे परजीवी एका चालीने चालत नाहीत, त्यामुळे ताप रोजही येतो. फॅल्सिपॅरम जातीचा परजीवी तर वेळापत्रक पाळतच नाही, आणि मेंदूपर्यंत जाणारा तोच. सूक्ष्मदर्शकाखाली त्याचं एक रूप हुबेहूब केळ्यासारखं दिसतं. रावेर-यावलच्या पोरांना दाखवलं की ती हसतात. मला ते दिसलं की आधी डॉक्टरांना फोन करतो. एक दिवसाआडची वाट बघत बसलात तर तेवढ्यात पेशंट बेशुद्ध होऊ शकतो.

आता चौदा दिवस. दर पावसाळ्यात कुणीतरी खिडकीशी येऊन विचारतोच, “ताप उतरना ना, मंग गोया कसाले?” डास चावल्यावर परजीवी आधी रक्तात ठाण मांडत नाही, तासाभरात यकृतात जातो. तिथे वाढून तो रक्तात उतरतो तेव्हा ताप येतो. पण व्हायव्हॅक्स जातीचे काही परजीवी यकृतातच झोपी जातात. क्लोरोक्विन रक्तातले मारते, ताप उतरतो, स्लाइड स्वच्छ येते. झोपलेल्यांना धक्काही लागत नाही. काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी ते जागे होतात आणि नवा डास न चावताही थंडीताप परत येतो. मग लोक म्हणतात, गोळी खोटी होती. या झोपलेल्यांसाठी प्रायमाक्विन आहे, चौदा दिवस. फॅल्सिपॅरम यकृतात असा झोपत नाही, त्याला मुख्य औषधासोबत प्रायमाक्विनचा एकच डोस असतो. राहिला धंदा: या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. मात्र शेजाऱ्याची उरलेली पट्टी गिळू नका. गरोदर बाईला हे औषध देत नाहीत, आणि ज्यांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचं विकर कमी असतं त्यांच्या तांबड्या पेशी याने फुटतात. लघवी गडद, कोलासारखी झाली तर गोळी थांबवून लगेच दवाखाना गाठायचा.

पपई. हा रस लोक पितात तो प्लेटलेट वाढाव्यात म्हणून. हिवतापातही प्लेटलेट घसरतात आणि परजीवी मेले की आपोआप वर येतात. श्रेय रसाला जातं. पुढे.

सिकलसेलचं अर्धसत्य. सिकलसेल म्हणजे तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकवणारा आनुवंशिक आजार. आईबापांपैकी एकाकडूनच हा जनुक आलेला माणूस म्हणजे वाहक. त्याला फॅल्सिपॅरमचा जीवघेणा प्रकार खूपच कमी होतो, हे खरं. हिवतापाने पिढ्यान्‌पिढ्या गांजलेल्या मुलखांत हा जनुक टिकून राहिला तो याचमुळे. पण वाहकालाही लागण होते. आणि दोन्हींकडून जनुक आलेल्या, म्हणजे ‘एसएस’ असलेल्या मुलाला हे कवच कामाचं नाही. त्याचं रक्त आधीच कमी, त्यात हिवताप म्हणजे जिवाशी गाठ. अक्कलकुवा-धडगावच्या पाड्यांवर नेमका हाच मेसेज वाचून कुणी अशा पोराला घरी ठेवलं तर? चिठ्ठीवर ‘एसएस’ दिसलं की ती स्लाइड मी रांग मोडून आधी लावतो.