सारा हेलबद्दल फिरणाऱ्या पोस्टचा खुलासा

सध्या एक पोस्ट फिरतेय की 'मेरी हॅड अ लिटल लॅम्ब' लिहिणाऱ्या सारा जोसेफा हेलनी अमेरिकेतलं गाजलेलं 'गोडीज लेडीज बुक' मासिक सुरू केलं आणि त्यातून बायकांच्या मतदानासाठी आयुष्यभर लढा दिला. यातलं कवितेचं ठीक आहे, १८३० च्या त्यांच्या पुस्तकात ती आहे, पण बाकी दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

मासिक काढलं लुई गोडी यांनी, फिलाडेल्फियात, १८३० मध्ये. हेलबाई तेव्हा बॉस्टनमध्ये 'लेडीज मॅगझिन' चालवत होत्या, १८२८ पासून. नवरा १८२२ मध्येच गेलेला, पदरात पाच मुलं, १८२७ ला 'नॉर्थवुड' कादंबरी आली आणि तिच्या जोरावर हे काम मिळालं. १८३७ मध्ये दोन्ही मासिकं एकत्र झाली, मग १८७७ पर्यंत म्हणजे तब्बल ४० वर्षं त्या संपादक राहिल्या! हाताने रंगवलेली फॅशनची चित्रं त्यात असायचीच, पण त्याच अंकांत एडगर ॲलन पो यांच्या कथाही छापल्या जायच्या, हे फार कमी लोक सांगतात.

आणि मतदानाचं म्हणाल तर त्या चक्क विरोधात होत्या. बाईने राजकारणात पडू नये असंच त्यांचं मत होतं. मला ते अजिबात पटत नाही, पण म्हणून ते लपवून त्यांना आपल्या सोयीचं बनवायचं का? मुलींच्या शिक्षणासाठी मात्र त्या नेटाने लिहीत राहिल्या, व्हासार कॉलेजला पाठिंबा दिला, आणि थँक्सगिव्हिंगची राष्ट्रीय सुट्टी व्हावी म्हणून १८६३ मध्ये थेट लिंकनना पत्र लिहिलं. पोस्ट पुढे पाठवायचीच असेल तर एवढं दुरुस्त करून पाठवा.