बाटलीत वासरू वाढत नाही

मुंबईतल्या सोसायट्यांच्या आणि तबेलेवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतोय: 'लॅबवाले जिवंत गाई मारून गर्भाशयाच्या पेशी काढतात. त्या पेशी कधी मरत नाहीत. त्यांच्यापासून बाटलीत वासरं वाढवतात आणि त्यांचंच दूध आपल्या पिशवीत येतं.'

आधी गाई. महाराष्ट्रात गाय कापणं गुन्हा आहे. २०१५च्या दुरुस्तीनंतर बैल आणि वळूही त्यात आले. इथल्या संशोधकाच्या हाती येते ती म्हैस, तीही देवनारच्या कत्तलखान्यात मांसासाठी कापलेली. तिचं गर्भाशय बर्फात, बीजांडकोश कोमट सलाइनमध्ये घालून काही तासांत लॅबमध्ये पोचवावे लागतात. सायनच्या ट्रॅफिकमध्ये डबा अडकला, तर दिवस फुकट.

'कधी मरत नाहीत' हे तर साफ उलटं. अवयवातून थेट काढून वाढवलेल्या पेशी म्हणजे प्रायमरी कल्चर, आणि त्यांची खरी डोकेदुखी हीच की त्या संपतात. सामान्य पेशी ठरावीक वेळाच विभागतात, हे हेफ्लिक आणि मूरहेड या शास्त्रज्ञांनी १९६१मध्ये माणसाच्या पेशींवर दाखवलं. अमर म्हणून गाजलेल्या १९५१च्या हेला पेशी कॅन्सरच्या होत्या. गर्भाशयाचं अस्तर कोलॅजिनेज या एन्झाइमने सुटं करून बारीक जाळीतून गाळतात. एपिथेलियमचे, म्हणजे वरच्या आवरणाच्या पेशींचे, पुंजके जाळीवर राहतात, स्ट्रोमाच्या, म्हणजे खालच्या आधार-ऊतीच्या, सुट्या पेशी खाली उतरतात आणि फ्लास्कच्या तळाला लवकर चिकटतात. वेगळेपणा पुरेसा साधला नाही, तर थोड्याच पॅसेजमध्ये (पेशी नव्या फ्लास्कमध्ये हलवण्याच्या फेऱ्यांत) स्ट्रोमा सगळा फ्लास्क व्यापतो. बीजांडकोशातल्या, बीजांडाभोवतीच्या ग्रॅन्युलोसा पेशी आणखी लहरी: सीरम (रक्तातला द्रव भाग) मिळालं की इस्ट्रोजेन हे हार्मोन बनवायचं थांबवून प्रोजेस्टेरॉन या दुसऱ्या हार्मोनकडे वळतात. म्हणून सुरुवातीचे पॅसेज वापरायचे आणि पुन्हा देवनार गाठायचं.

या पेशींपासून बाटलीत वासरू होण्याचा मार्गच नाही. फ्लास्कच्या तळाशी असतो तो जेमतेम एका पेशीएवढा जाड थर. त्यावर ई. कोलाय या जिवाणूचं विष टाकून, व्यायल्यानंतर गर्भाशय का सुजतं हे पाहता येतं, तेही कुठल्या म्हशीला आजारी न पाडता. वासराला बीजांड लागतं. कर्नालच्या राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेत १९९०मध्ये जन्मलेला 'प्रथम' शरीराबाहेर फलित झाला, २००९ची 'गरिमा' तर क्लोन. तरी दोघंही म्हशीच्याच पोटात वाढले.

पिशवीतल्या दुधाशी जोडलेला संबंध निव्वळ बादरायण. दूध कासेतून येतं, गर्भाशयाच्या अस्तरातून नाही.

जनावरांच्या कळवळ्यापोटी हा मजकूर लिहिणाऱ्याला खरा मुद्दा मात्र दिसलाच नाही. मीडियात, म्हणजे पेशी वाढवायच्या द्रवात, साधारण १० टक्के घातलं जाणारं सीरम कत्तल झालेल्या गाभण गाईंच्या पोटातल्या वासरांच्या रक्तातून येतं. आक्षेप घ्यायचा तर तिथे घ्यावा. सीरमविना चालणारे मीडिया आहेत, पण सगळ्या पेशींना ते मानवत नाहीत, आणि किती लॅब ते मनापासून करून बघतात, हे त्यांना विचारायलाच हवं.