खोका साडेचार किलोचा, बिल साडेनऊ किलोचं

गणपती विसर्जन होतं न होतं तोच आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो फॉरवर्ड येऊन पडतो. दरवर्षी तोच, फक्त शेवटच्या उद्गारचिन्हांची संख्या वाढलेली. मजकूर थोडक्यात असा: ‘चीनमधून दीड डॉलरचं मोबाइल कव्हर अमेरिकेत फुकट घरपोच येतं. आपण आईच्या हातचा फराळ पाठवायचा तर हजारो रुपये! ही उघड लूट आहे. खऱ्या वजनापेक्षा जास्त वजनाचं बिल लावतात. त्यापेक्षा पोस्टाने पाठवा, पोस्टाचं पार्सल कस्टमवाले उघडत नाहीत. फॉर्मवर “गिफ्ट” लिहा आणि किंमत शून्य टाका, ड्यूटी लागत नाही. तिकडून इकडे येणाऱ्या भेटवस्तूलाही पाच हजारांपर्यंत काही लागत नाही. सर्वांपर्यंत पोचवा.’

मी डोंबिवलीत राहतो, ताई न्यू जर्सीतल्या एडिसनला. फराळाचा खोका बांधायचं खातं बरीच वर्षं माझ्याकडे आहे. त्यामुळे या फॉरवर्डमागची चिडचिड मला पुरती कळते. तीन ठिकाणी चौकशी करा, तीन दर ऐकू येतात आणि तिघेही आपलाच सगळ्यात स्वस्त म्हणून सांगतात. पण चिडचिड खरी असली म्हणून कारणंही खरी असतात असं नाही. आणि यातल्या दोन सल्ल्यांनी तर पार्सल अडकू शकतं.

आधी ते मोबाइल कव्हर घेऊ, कारण बाकी सगळा राग त्याच्यावर उभा आहे.

आपण पोस्टात पैसे भरतो ते आपल्या पोस्टाला. पण ताईच्या दारात पार्सल ठेवणारा माणूस अमेरिकेच्या पोस्टाचा. त्याचा पगार कुठून येतो? १८७४ मध्ये बर्नला जागतिक टपाल संघ स्थापन झाला तेव्हा यावर साधा तोडगा निघाला: ज्यानं पैसे घेतले त्यानं ठेवावेत. एका पत्राला एक उत्तर येतं, म्हणजे दोन्हीकडचं ओझं सारखंच, असा हिशेब. पत्रांच्या जमान्यात तो बऱ्यापैकी खपूनही गेला. पण काही देशांकडून नुसतं येतच राहतं आणि जात काहीच नाही, हे लक्षात आल्यावर १९६९ च्या टोकियो अधिवेशनात ठरलं की पाठवणाऱ्या देशाच्या पोस्टानं पोचवणाऱ्या देशाच्या पोस्टाला काही रक्कम द्यायची. हिला म्हणतात टर्मिनल ड्यूज.

या रकमेचे दर श्रीमंत देशांना जास्त, बाकीच्यांना कमी असे लावले होते. चीन दुसऱ्या बाजूला बसला. मग ऑनलाइन खरेदीचा पूर आला आणि अमेरिकेच्या पोस्टाला शांघायहून आलेलं हलकं पाकीट आपल्याच देशातल्या पाकिटापेक्षा कमी पैशांत पोचवावं लागू लागलं. २०११ पासून चिनी पोस्टाबरोबर छोट्या पाकिटांचा वेगळा करार होता, त्यात ट्रॅकिंगही मिळायचं. त्यावर कडी म्हणजे २०१६ पासून अमेरिकेत ८०० डॉलरपर्यंतच्या मालावर आयात शुल्कच नव्हतं. त्या कव्हरची फुकट घरपोच सेवा या सगळ्यातून आलेली. फुकट कोणीच काही करत नव्हतं. थोडं कव्हरच्या किमतीत होतं आणि बरंच अमेरिकेच्या पोस्टाच्या बोडक्यावर.

ते दिवसही आता गेले, हे फॉरवर्ड लिहिणाऱ्याला कोणीतरी कळवायला हवं. अमेरिकेनं २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये टपाल संघ सोडायची नोटीस दिली, २०१९ च्या सप्टेंबरमध्ये जिनिव्हात तडजोड झाली आणि जुलै २०२० पासून अमेरिका येणाऱ्या पाकिटांचे दर स्वतः ठरवू लागली. चिनी मालाची ८०० डॉलरची सूट २ मे २०२५ ला संपली, बाकी जगाची २९ ऑगस्टला.

त्या ऑगस्टनं आम्हालाही हिसका दिला. ड्यूटी गोळा कोणी करायची, कुठे भरायची, याचा पत्ता नसल्यानं विमान कंपन्यांनी टपाल घ्यायला नकार दिला. भारतीय पोस्टानं २५ ऑगस्टपासून अमेरिकेचं बहुतेक बुकिंग थांबवलं. सुरुवातीला पत्रं आणि १०० डॉलरपर्यंतच्या भेटवस्तू चालू होत्या, मग त्याही बंद. सेवा परत सुरू झाली १५ ऑक्टोबरला. लक्ष्मीपूजन होतं २१ ला. फराळवाल्यांनी काय ते समजून घ्यावं.

आता ‘खऱ्या वजनापेक्षा जास्त वजनाचं बिल’. हे मात्र अगदी खरं आहे. त्याला लूट म्हणणं चुकीचं.

पहिल्या वर्षी मी घरातला सगळ्यात मोठा खोका काढला होता. लांबी ४५ सेंटिमीटर, रुंदी ३५, उंची ३०. आत चिवड्याचे दोन मोठे डबे, चकल्या मोडू नयेत म्हणून चारी बाजूंनी बबल रॅप, वर कंदील. काट्यावर भरलं जेमतेम साडेचार किलो. कुरिअरच्या काउंटरवरच्या मुलानं टेप लावून मापं घेतली, कॅल्क्युलेटर बडवला आणि बिल केलं साडेनऊ किलोचं. मी भांडलो. खूप भांडलो. त्यानं शांतपणे कॅल्क्युलेटर माझ्याकडे फिरवला: ४५ गुणिले ३५ गुणिले ३०, म्हणजे ४७,२५०. भागिले ५,०००, म्हणजे ९.४५. वरच्या अर्ध्या किलोला पूर्ण केलं की साडेनऊ.

याला व्हॉल्युमेट्रिक वजन म्हणतात आणि कुरिअरच्या धंद्यात ५,००० नं भागायची ही रीत जगभर चालते. खरं वजन आणि हे वजन यातलं जे जास्त त्यावर बिल. विमानात जागा आधी संपते, वजन नंतर. मी साडेचार किलो सामान आणि पाच किलो हवा अमेरिकेला पाठवत होतो, आणि हवेनंही सीट अडवली होती. माझा राग दरावर नव्हताच खरं तर. हे गणित फोनवर ‘किलोला इतके’ सांगताना कोणी बोललं नाही, यावर होता. तो राग अजून आहे. परदेशी फराळाच्या पाटीवर किलोचा दर बोटभर अक्षरात असतो. मापांचं गणित, इंधन अधिभार, किमान वजनाची अट हे सगळं बिलावर भेटतं. फॉरवर्डमध्ये शिवी द्यायचीच होती तर इथे द्यायला हवी होती.

दुसऱ्या वर्षी खोका निवडला ३० बाय २५ बाय २० चा. गणित बरोबर ३ किलो. त्यात बेसनाचे लाडू, शंकरपाळी, अनारसे गच्च बसवले, खरं वजन सव्वातीन. बिल साडेतीन किलोचं. लाडू हा हवाई वाहतुकीसाठी जन्मलेला पदार्थ आहे. पातळ पोह्यांचा चिवडा अजिबात नाही. त्याचा व्हॅक्यूम पॅक करून पाहिला तेव्हा चिवड्याचं पीठ झालं.

याच नादात एक जण सुचवतो: दोन छोटे खोके करा, स्वस्त पडतं. बहुतेक वेळा उलटंच होतं. दराची पहिली पायरी सगळ्यात महाग असते, पुढचा प्रत्येक टप्पा त्यामानानं हलका. पोस्टाच्या परदेशी स्पीड पोस्टला पहिले २५० ग्रॅम आणि मग पुढचे प्रत्येकी २५० ग्रॅम असा हिशेब असतो. दोन खोके म्हणजे ती पहिली पायरी दोनदा चढायची. २०२५ पर्यंत फरक पडायचा तो फक्त पोस्टाच्या छोट्या पाकिटाच्या मर्यादेत बसत असाल तर: दोन किलोपर्यंत वजन, लांबी-रुंदी-उंचीची बेरीज ९० सेंटिमीटरच्या आत, एकही बाजू ६० च्या वर नाही. राख्या, दागिना, पैठणीचा एखादा ब्लाउजपीस असं काही असेल तर हा रस्ता सोयीचा होता. फराळाचं कुटुंब त्यात तेव्हाही मावत नव्हतं.

‘पोस्टाचं पार्सल कस्टमवाले उघडत नाहीत.’ मुंबईत बॅलार्ड इस्टेटला फॉरिन पोस्ट ऑफिस आहे. परदेशी टपालाचं तिथलं कामच कस्टमसोबत चालतं. शिवाय आता तपासणी पार्सल हातात यायच्या आधीच सुरू होते. २०२१ पासून वस्तू असलेल्या टपालाची माहिती आधी संगणकातून पुढच्या देशाला द्यावी लागते; अमेरिकेनं तर त्यासाठी २०१८ मध्येच कायदा केला. म्हणून काउंटरवरच्या बाई ‘खाद्यपदार्थ’ एवढं लिहिलेलं परत करतात. बेसन लाडू किती, वजन किती, किंमत किती, वेगवेगळं लिहा म्हणतात. मागे रांग वाढते, आपण वैतागतो. पण ‘खाऊ’ एवढ्या वर्णनावर थांबलेलं पार्सल सोडवायला ताईला तिकडे जे फोन करावे लागतात, त्यापेक्षा ही रांग बरी.

खाण्याच्या बाबतीत एक गोष्ट फॉरवर्डवाल्याला माहीत असती तर त्यानं ती नक्की टाकली असती, कारण ती खरोखर आपल्या फायद्याची आहे. अमेरिकेत येणाऱ्या अन्नाची सूचना तिथल्या अन्न आणि औषध प्रशासनाला आधी द्यावी लागते, असा २००२ च्या कायद्यापासूनचा नियम. पण एखाद्यानं स्वतःच्या घरी केलेलं आणि स्वतःच वैयक्तिक भेट म्हणून पाठवलेलं अन्न यातून वगळलंय. म्हणजे आईनं केलेल्या आणि आईनंच पाठवलेल्या चकलीला ती सूचना नको; दुकानातून आणलेल्या बाकरवडीला ही सूट नाही. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडचं प्रकरण निराळं. तिथे बिया आणि दुधाच्या पदार्थांवर करडी नजर, त्यामुळे पेढे पाठवायच्या आधी विचारलेलं बरं.

राहिलं ते ‘गिफ्ट लिहा, किंमत शून्य टाका’. हा सगळ्यात घातक सल्ला. भेटवस्तूला सूट असते, पण मर्यादेत: अमेरिकेत १०० डॉलर, ब्रिटनमध्ये ३९ पौंड, युरोपीय संघात ४५ युरो. आणि भेट म्हणजे एका माणसानं दुसऱ्या माणसाला पाठवलेली. दुकानदारानं गिऱ्हाइकाला पाठवलेल्या कुर्त्यावर ‘गिफ्ट’ लिहिलं म्हणून तो भेट होत नाही. किंमत शून्य असलेली वस्तू जगात नसते हे कस्टमवाल्यालाही कळतं; तो मग स्वतःच्या अंदाजानं किंमत लावतो. पार्सल हरवलं तर भरपाई मागायला जाल तेव्हा तुमच्याच सहीचा शून्य तुमच्यासमोर ठेवतील. घरचा फराळ तसाही मर्यादेत सहज बसतो. खरी किंमत लिहायला घाबरण्यासारखं त्यात काही नाहीच. लाडवाची किंमत काय लिहायची असा प्रश्न आईला पडतो खरा. तूप, बेसन, साखरेचा हिशेब लिहा, तिच्या मेहनतीचा रकाना फॉर्मवर नाही.

आणि ते पाच हजार. तो नियम होता, पण डिसेंबर २०१९ मध्ये परदेशातून भेट म्हणून शुल्कमुक्त येणाऱ्या वस्तूंची सूट काढली. अपवाद ठेवले दोनच: जीव वाचवणारी औषधं आणि राखी. राखीच म्हणजे राखी, सोबतचं चॉकलेट नाही. ताईनं मला घड्याळ पाठवायचा बेत केला होता, ते याच कारणानं भाच्याच्या बॅगेतून आलं, पोस्टातून नाही.

हे सगळं मी ग्रुपवर टाकलं. खाली चार अंगठे आले आणि दुसऱ्या दिवशी तोच फॉरवर्ड पुन्हा, दुसऱ्या विंगमधून. खोका मात्र वेळेत पोचला. ताईचा मेसेज आला: ‘लाडू मस्त. चिवडा विसरलास का?’ मी तिला ४५ गुणिले ३५ गुणिले ३० लिहून पाठवलं. अजून उत्तर नाही.